वाटी आणि तोटी

१

सकाळी भात उतरवायचा, मिसोचं सार आणि मुळ्याचं लोणचं डब्यात बांधायचं आणि दोन घरं सोडून शिनोकडे जायचं, हा माझा रोजचा नेम होता. शिनो माझी धाकटी बहीण. तिचा नवरा गेनसाकु उन्हाळ्यात गेला. मूलबाळ नाही. समोर बसून भरवल्याशिवाय ही बया जेवत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. "जेवते गं ताई" म्हणायची, आणि संध्याकाळी डबा जसाच्या तसा. म्हणून मी समोर फतकल मारून बसायचे, रागवायचे, चार घास पोटात गेले की उठायचे.

आमची त्सुबामे गावातली ही आळी एकेकाळी किसेरूवाल्यांची होती. किसेरू म्हणजे लांब दांडीची चिलीम. एका टोकाला तंबाखूची इवलीशी वाटी, दुसऱ्या टोकाला ओठांत धरायची तोटी, दोन्ही धातूची, आणि मधे वेळूची दांडी. माझ्या लहानपणी आळीला जाग यायची ती हातोड्यांच्या आवाजाने. मग लढाई झाली, लोक सिगारेटी फुंकायला लागले आणि आळीने चमचे करायला घेतले. अमेरिकेत माणसं किती जेवतात कोण जाणे, चमचे पुरतच नाहीत. आमच्या घरच्यांनीसुद्धा ऐरण विकून चमचे छापायचं यंत्र आणलं. गेनसाकु तेवढा हटला नाही. "माझ्या हाताला चमचा येत नाही," म्हणायचा, आणि दिवसभर ठोकत बसायचा. एका पत्र्यातून वाटी काढायचा, तिची मान अशी वळवायचा की डाख कुठे लावलाय ते शोधून दाखवावं. त्याने घडवायचं आणि शिनोने कोळशाने घासून उजळायचं, असा त्यांचा संसार. एक दिवस ऐरणीपुढे बसला तो उठलाच नाही.

माणूस तिरसट होता, खोटं कशाला बोलू. बोलणं आवडलं नाही की भांडायचा नाही. अर्धी ओढलेली चिलीम राखेच्या नळकांड्यावर आपटायचा. खाड्. निखारा खाली, विषय संपला. त्या ठोक्यापुढे मी, आमचे घरचे, देवळातला भिक्षू, सगळे गप्प बसलेले आहोत.

तर त्या दिवशी आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. शिनो साराची वाटी विसळत होती, मी डब्याला फडकं बांधत होते. आतल्या खोलीतून आवाज आला. खाड्.

मी गप्प झाले. सवय, दुसरं काय. मग लक्षात आलं की गप्प कोणासाठी झाले.

"काय पडलं गं?"

"मांजर असेल," शिनो म्हणाली. तिने वाटी पालथी घातली आणि हात पुसले. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मनात पाल चुकचुकली. पण शेजाऱ्यांच्या मांजरी असतात, कागदी दाराच्या फटीतून शिरतात, काहीबाही पाडतात. मी घरी आले.

२

पहिला बर्फ पडला त्या दिवशी मी डबा घेऊन थेट आतल्या खोलीत गेले, कारण शेगडी तिथेच असते. शेगडीशेजारी तंबाखूचं तबक होतं, आणि तबकात गेनसाकुची चिलीम. आख्खी. वाटी, तोटी, आणि मधे कोरी करकरीत वेळूची दांडी.

डबा मी दारातच ठेवला.

आमच्या आळीत चिलीम ओढणारा माणूस गेला की दांडी काढून त्याच्या शवपेटीत ठेवतात, ती त्याच्याबरोबर जळते. धातू जळत नाही, म्हणून वाटी आणि तोटी मागे राहतात. वाटी त्याच्या घरच्या देव्हाऱ्यात, आणि तोटी दुसऱ्या कोणाच्या तरी घरी. दोन छपरांखाली. पुन्हा त्या दोघींमधे दांडी घालायची नाही. का, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चुलीला पाय लावू नये हे तरी कुठे कोणाला विचारलं होतं?

गेनसाकुची तोटी माझ्याकडे होती. माझ्या देव्हाऱ्याच्या खणात, निळ्या फडक्यात. मी तशीच घरी पळत गेले, खण ओढला. फडकं घडी घातलेलं होतं, आत काही नव्हतं. मागच्या महिन्यात शिनो माझा देव्हारा पुसून द्यायला आली होती. मी मेली तिचं कौतुक करत होते, की पोरगी जरा हिंडायफिरायला लागली.

परत आले ती तणतणत.

"चोरटे. माझ्या घरातून चोरलीस?"

"तुझी होती का?" शिनो म्हणाली. ती चिमूटभर तंबाखू बोटांत गोळी करत होती, केसासारखी बारीक कापलेली, त्याच्याच डब्यातली. "माझ्या नवऱ्याची आहे. तोटी तुझ्या घरात, वाटी माझ्या घरात. हा काय संसार झाला, ताई?"

"आळीत असंच करतात."

"आळी चमचे करते," ती म्हणाली.

तिने गोळी वाटीत बसवली, शेगडीतल्या निखाऱ्याला टेकवली आणि ओढली. बाईमाणसाने ओढणं काही नवं नाही आमच्याकडे, आमची आजी ओढायची. पण शिनो कधी ओढायची नाही, तिला धुराने ठसका लागायचा. आता ती शांत बसून ओढत होती. एक झुरका, दुसरा झुरका. मी रागातच घरी आले.

घरी आल्यावर, सुपलीत कोळसे भरताना, एकदम डोक्यात आलं. ती ओढत होती खरी, पण धूर बाहेर आलाच नव्हता. नाकातून नाही, तोंडातून नाही. मी समोर बसले होते, दोन हातांवर. मनाची समजूत घातली की मी रागात होते, रागात माणसाला हत्ती दिसत नाही.

३

दांड्या बदलून देणारा यासुके दर पंधरा दिवसांनी येतो. त्याच्या हातगाडीवर वाफेची टाकी असते, तिची शिट्टी आळीच्या तोंडापासून ऐकू येते. आता गिऱ्हाईक म्हणजे चार म्हातारे, तरी येतो. मी त्याला दारातच गाठलं.

"यासुके, शिनोच्या चिलमीला दांडी तू बसवलीस?"

"बसवली. का, ढिली झाली? माझी दांडी ढिली होत नाही."

"ढिली नाही झाली. बसवायलाच नको होती. गेलेल्या माणसाची चिलीम आहे ती."

त्याने डोक्याचं फडकं काढलं, परत बांधलं. "मला काय माहीत बाई, मी नागाओकाचा. आमच्याकडे बाप गेला की पोरगा त्याचीच चिलीम ओढतो, उलट मिरवतो. तुमच्या आळीचं सगळंच उफराटं." मग जरा थांबून म्हणाला, "पण विषय काढलातच तर सांगतो. एक दांडी वर्ष-दीड वर्ष चालते. तुमच्या बहिणीला मी यंदा थंडी पडल्यापासून तिसरी बसवली."

"तीन?"

"वाटीच्या मानेपाशी चिरते. कोणीतरी दातओठ खाऊन आपटतं. तिला सांगा, एवढं आपटायचं नसतं, हलक्या हाताने झटकायची. सोन्यासारखा माल आहे, मान वाकेल एखाद्या दिवशी."

शिनो आपटत नव्हती. मी पाहिलं होतं. ती राख तळहातावर झटकायची, तांदूळ निवडताना खडा बाजूला करावा तशी.

"आणखी एक," यासुके आवाज उतरवून म्हणाला. "काढलेल्या दांडीत काजळी नाही. मी चाळीस वर्षं लोकांच्या दांड्या फुंकतोय, पोट ढवळून येतं असला चीक असतो आत. हिच्या दांड्या आतून स्वच्छ. नुसत्या ओल्या. तुमची बहीण ओढते तरी काय?"

"तंबाखू," मी म्हणाले.

"असेल बापडी," म्हणाला आणि शिट्टी वाजवत पुढे गेला. जाताना शिनोच्या दारासमोर मात्र त्याने शिट्टी वाजवली नाही.

४

चमचे उजळायचं काम आम्ही दोघी तिच्याच कारखान्यात करतो, म्हणजे गेनसाकुच्या. त्याची ऐरण कोपऱ्यात तशीच आहे, वर गोणपाट टाकलेलं. चमचा चाकावर घासला की तो तोंडाजवळ धरायचा आणि हाऽ करून त्यावर वाफ सोडायची. वाफ धरते, मग कडेकडेने उडते. जिथे रेंगाळते तिथे ओरखडा राहिलाय असं समजायचं. दिवसाकाठी शेकडो वेळा करतो आम्ही हे, हात आपोआप तोंडाकडे जातो.

त्या दुपारी माझं लक्ष सहज तिच्याकडे गेलं. तिने चमचा घासला, तोंडाजवळ धरला, हाऽ केलं. ओठ गोल झाले, खांदे खाली आले, सगळं नेहमीसारखं. चमचा लख्ख होता. त्यावर काही धरलंच नाही. शिनोने तो उजेडात फिरवला, मान डोलावली आणि चांगल्या मालाच्या टोपलीत टाकला. दुसरा घेतला. हाऽ. लख्ख.

मी उठून तिच्या टोपलीतला एक उचलला, त्यावर श्वास सोडला. पांढराफटक झाला, चंद्रासारखा.

"काय गं?" शिनो म्हणाली.

"काही नाही. बघत होते."

मी स्वतःला समजावलं. तोंड कोरडं पडलं असेल, पाणी कमी पिते. चाकाने चमचा गरम झाला असेल, गरम धातूवर वाफ धरत नाही. मी अडाणी असेन, पण खुळी नाही. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि मी ते शोधून काढते, आमच्या घरचे तर म्हणतात की नको इतकं शोधते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतले सगळे दारातला बर्फ ओढत होते. थंडी अशी की बोललेलं तोंडापुढे दिसत होतं. मी धापा टाकत होते, पलीकडचा म्हातारा धापा टाकत होता, आमच्या प्रत्येकाच्या तोंडातून इंजिनासारखे लोट. शिनो आमच्या मधोमध उभी होती, फावडं मारत होती, गाल लाल झाले होते, छाती वरखाली होत होती. तिच्या तोंडापुढे हवा स्वच्छ होती. तिच्यामागचं लाकडी कुंपण मला रेषेन्‌रेष दिसत होतं.

मी तिला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. हात इतका गार की मी माझ्या काखेत धरून चालले. डॉक्टरने तिच्या पाठीला नळी लावली आणि ऐकत राहिला. जरा जास्तच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला फुप्फुसं ठीक आहेत, रक्त कमी आहे, काळीज खायला घाला, आणि आमच्याकडे न बघता हात धुतले.

५

मग मी तिच्याकडेच मुक्काम हलवला. घरच्यांना सांगितलं, भाताचं तुमचं तुम्ही बघा. ते म्हणाले, "तुझी बहीण आहे, जा. पण तिला तिकडून ओढताना तू आत पडू नकोस." एरवी हा माणूस चमच्यांशिवाय काही बोलत नाही.

मला भीती एकाच गोष्टीची होती. शिनो जाईल. माझ्या डोळ्यांदेखत, रोज थोडी थोडी. मनगटं काडीसारखी झाली होती. जिन्याच्या दोन पायऱ्या चढली की थांबायची, पण धाप लागायची नाही. नुसती थांबायची. माझ्या पाठीवर वाढलेली पोर ती. आई शेतात असायची तेव्हा मीच तिला बांधून फिरायचे, तिचा गरम श्वास माझ्या मानेला लागायचा, आणि आता ती शेजारी बसली तरी काही लागत नव्हतं. मी चोरून रडायचे, न्हाणीघरात.

एके दुपारी ती आत चिलीम भरायला बसली आणि मी कागदी दार बोटभर सरकवून पाहत राहिले. लाज कसली त्यात.

तिने गोळी केली, वाटीत बसवली, पेटवली, एक झुरका घेतला. धूर आला नाही. मग चिलीम तबकात टेकवून ती चिमट्याने निखारे सारायला वाकली. दोन्ही हात शेगडीपाशी होते. चिलीम तबकात होती.

खाड्.

वाटी नळकांड्याच्या काठावर पालथी पडली होती. जळती गोळी राखेत, अजून अर्धीसुद्धा झालेली नव्हती.

शिनोने चिमटा ठेवला. "परत?" ती हळूच म्हणाली. असा आवाज मी तिच्या लग्नानंतर पहिल्या वर्षात ऐकला होता. "बरं. मी पुन्हा भरते."

तिने पुन्हा गोळी केली, पेटवली, ओढली. पुन्हा ठोका. या वेळी जोरात, तबक हललं. तिने पुन्हा भरली. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून घेतले, पण कान कसे मिटणार? ठोका ऐकू आला आणि मागोमाग वेळू चिरल्याचा बारीक आवाज.

"मोडा," शिनो म्हणाली. "यासुके येईल परवा."

मी स्वयंपाकघरात येऊन बसले आणि विचार केला. ओढणारा माणूस चिलीम कधी झटकतो? संपली की. एक झाली, दुसरी भर. म्हणजे तो ओढतोय. ती वाटीत आपला जीव भरतेय, तो संपवतोय आणि आणखी मागतोय. मेल्या माणसाची भूक मोठी असते म्हणतात. जिवंतपणी बायकोला एक धड कपडा घेतला नाहीस, आता तिचा श्वास पितोस? मी त्याला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. त्याच्या फोटोपुढे उदबत्ती लावायचं मी त्या दिवसापासून बंद केलं.

दोन दिवसांनी यासुके आला. मी त्याला दारातून हाकललं, तर ती मागच्या दाराने बर्फातून जाऊन, आळीच्या टोकाला त्याला गाठून दांडी बसवूनसुद्धा आली.

६

त्यानंतर दोन-तीन दिवस बर्फ पडतच राहिला. खालच्या खिडक्या बुजल्या. सकाळ होती, पण घरात उजेड निळसर, पाण्याखाली असावा तसा. मी सार गरम करत होते. आतून आवाज येत नव्हता. बराच वेळ एकही ठोका आला नव्हता, आणि ठोका नाही म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी चूल तशीच टाकून उठले.

शिनो शेगडीशी ताठ बसली होती, डोळे मिटलेले, तोटी ओठांत. ओढत होती. मी दारात उभी राहिले, ती ओढत होती. मी तिच्याजवळ गेले, नाव घेतलं, तरी ती ओढतच होती, एकच झुरका, न तुटणारा. छाती हलत नव्हती. गाल आत गेले होते. या वेळी तिने चिलीम तबकात टेकवली नव्हती, दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. आपटायला जागाच ठेवली नव्हती.

कारखान्याच्या बाजूने आवाज सुरू झाला. ऐरणीवर. गोणपाट टाकलेल्या ऐरणीवर, दबका, एकामागून एक, आधी सावकाश आणि मग घाईघाईने, बंद दार ठोठावावं तसा.

मी चिलमीकडे पाहिलं. वाटीवर धूर जमला होता. धूर वर जातो, पसरतो. हा जमून राहिला होता, वाटीच्या तोंडावर, जाड. मी वाकले. त्या धुराला कडा होत्या. एक अंगठा होता, चपटा, नख नसलेला. गेनसाकुचा डावा अंगठा तरुणपणी ऐरणीवर चेचला होता, तिथे नख परत आलंच नाही. तो अंगठा वाटीच्या तोंडावर टेकला होता. ओढून घेत नव्हता, शपथेवर सांगते. दाबून धरत होता. विस्तव विझवायला माणूस वाटी झाकून धरतो ना, तसा, सगळा जोर लावून. आणि त्याच्याखाली वाटी लालच होत होती, कारण शिनो ओढत होती. अंगठा थरथरत होता.

अंगठ्याच्या मागे मनगट होतं. मनगटाच्या मागे मी पाहिलं नाही. कोणीतरी गुडघे टेकून बसलं होतं एवढं मला कळलं, आणि मी मान वर केली नाही.

मी वाटी धरली. हात भाजला, अजून वण आहे. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात दांडी, आणि पिळून ओढलं. यासुकेची दांडी निघत नाही म्हणतात. निघाली.

उघड्या दांडीतून श्वास आला. मी त्याला धूर म्हणत नाही, त्याला वासच नव्हता तंबाखूचा. पांढरा, दमट, ऊबदार, येतच राहिला, खोली भरली, बुजलेल्या खिडकीच्या काचा घामेजल्या, माझ्या मानेला तो लागला आणि मी ओळखला. सगळा हिवाळा तिने बाहेर न सोडलेला श्वास होता तो. शिनो पुढे कोसळली, खोकायला लागली, आणि तिच्या तोंडातून वाफ निघाली. खोकल्याबरोबर एक, मग आणखी एक.

ऐरण थांबली होती. मी वळले तेव्हा शेगडीपलीकडच्या आसनावर कोणी नव्हतं.

७

वाटी मी तिथेच ठेवली. तोटी मी त्याच दुपारी बर्फ तुडवत, नदीपलीकडे नणंदेच्या घरी देऊन आले. दांडी चुलीत घातली. शिनो दोन दिवस झोपून होती. मी तिच्या तोंडापुढे चमचा धरायचे, त्यावर वाफ यायची, मी पुसायचे, परत धरायचे. इतका आनंद मला माझ्या पोरांच्या जन्माला झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिने पेज घेतली, माझ्या हातून, सगळी. मग विचारलं, "तू काय पाहिलंस?"

खोटं बोलावं की खरं, मला कळेना. तो तुला बोलवत होता म्हटलं तर ती नदी ओलांडून तोटी आणेल. आणि खरं सांगितलं तर काय होईल, ते तिच्या तोंडावर बघायची माझी हिंमत नव्हती. शेवटी खरंच सांगितलं. "वाटीवर अंगठा धरला होता त्याने. विझवत होता, शिनो. रोज तेच करत होता. त्याला तू यायला नको होतीस."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"माहीत होतं?"

"पहिल्या ठोक्याला कळलं. साऱ्या जगाला ठोके द्यायचे, ताई, पण सबंध संसारात माझ्यापुढे एकदाही आपटली नव्हती त्यांनी चिलीम. मी बडबडत राहायचे आणि ती त्यांच्या हातात विझून जायची." तिने पांघरूण नीट केलं. "मला वाटलं, मी हट्ट धरला तर ऐकतील. नेहमी ऐकायचे."

मी तिचा हात धरला. गरम होता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि मी म्हणाले, झालं ते झालं, तू वाचलीस, आता सगळं ठीक होईल. माणूस म्हणतो ते सगळं मी म्हणाले. ती रडली नाही. बाहेर छपरावरचा बर्फ सुटून धप्पकन खाली पडला, आळीत कोणाचं तरी यंत्र सुरू झालं, चमचे छापायला लागलं.

"ताई," ती म्हणाली, "आई किती वर्षांची होऊन गेली गं?"

"ब्याण्णव."

"आणि आजी?"

"आजी त्याहून जास्त. का?"

शिनो छताकडे पाहत पडून राहिली. तिचा श्वास वर येत होता, विरत होता, परत येत होता. त्या हिवाळ्यात ती त्रेपन्न वर्षांची होती.